अलार्मला दचकणारं हृदय: केसीएनएच२ जनुकाची गोष्ट

आज बोलूया केसीएनएच२ नावाच्या जनुकाबद्दल. नाव अवघड आहे, पण काम समजायला सोपं आहे.

हृदयाचा ठोका म्हणजे विजेचा खेळ. ठोका पडताना सोडियम आणि कॅल्शियम पेशीत शिरतात. मग पोटॅशियम बाहेर पडतं आणि पेशी पुढच्या ठोक्याला तयार होते. पोटॅशियमला बाहेर सोडणारं एक मोठं दार म्हणजे ‘हर्ग’ चॅनेल. ते या जनुकावरून बनतं.

जनुकात बिघाड असला की हे दार नीट चालत नाही. पेशीला सावरायला उशीर होतो. ईसीजीवर क्यू ते टी हे अंतर लांबतं, म्हणून आजाराचं नाव ‘लाँग क्यूटी सिंड्रोम’. त्याचा दुसरा प्रकार या जनुकामुळे होतो, हे १९९५ मध्ये समजलं.

या प्रकारात धोका कशाचा? अचानक येणाऱ्या आवाजाचा! गाढ झोपेत अलार्म किंवा रिंगटोन कर्कश वाजली, माणूस दचकला, की ठोक्यांची लय बिघडू शकते. मेंदूला रक्त कमी पडतं आणि शुद्ध हरपते. बऱ्याचदा लय आपोआप जुळते. कधी कधी जुळत नाही, आणि धडधाकट दिसणारं तरुण माणूस जातं. हातपाय झटकले तर घरचे म्हणतात, ‘फिट आली’. मग उपचार मेंदूवर सुरू होतात आणि हृदय तसंच राहतं.

जनुक ठणठणीत असलं तरी काही औषधं हेच दार अडवतात. टर्फेनाडिन हे ॲलर्जीचं औषध खूप खपायचं. सोबत बुरशीवरचं केटोकोनाझोल घेतलं, की यकृतात त्याचा निचरा होईना. ते रक्तात साठायचं आणि दार बंद करायचं. अमेरिकेत ते १९९८ पर्यंत बाजारातून गेलं. आता नवं औषध माणसांना देण्याआधी ते हर्गला अडवतं का, हे तपासतात.

मग आपण काय करायचं? चक्कर येणाऱ्या प्रत्येकाला हा आजार नसतो, घाबरू नका. पण आवाजाने दचकून, पळताना किंवा पोहताना कुणी बेशुद्ध पडलं असेल, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा आणि ईसीजी काढून घ्या. एखाद्या वेळी ईसीजी नॉर्मलही येतो, म्हणून ही माहिती लपवू नका. आई किंवा वडिलांना हा दोष असेल, तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता ५० टक्के असते. त्यामुळे एकाला निघाला, की भावंडांनीही तपासायचं.

बीटा ब्लॉकर गोळ्यांनी धोका बराच कमी होतो. काहींना छातीत आयसीडी हे यंत्र बसवतात. आणि उशाजवळचा अलार्म? तो दुसऱ्या खोलीत!

हा भाग घरच्या ग्रुपवर नक्की पाठवा. भेटूया पुढच्या भागात!