घर भाड्याचे, उंदीर कोणाचे?

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



या सभेत आपण लोणची-मुरंब्यांपासून बालसंगोपनापर्यंत पुष्कळ विषय ऐकले. आज मी उंदीर-घुशींवर बोलणार म्हणताच पुढच्या रांगेत हसू फुटले. पण ज्या घरी मूल निजल्यावर आईला काठी घेऊन जागावे लागते, त्या घरी कोणी हसत नाही.

घर मालकाचे, तर उंदीरही त्याचेच, असे आपण रागाने म्हणतो. कायदा तसे म्हणत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा आपल्या राज्यात ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम १४ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. म्हणून आधी हे पाहावे की, हा जीव घरात शिरला कोठून? फुटलेल्या मोरीतून घूस आली किंवा ओल धरलेल्या चौकटीला वाळवी लागली, तर ते दुरुस्तीचे काम झाले. गादीतले ढेकूण आणि उघड्या डब्यांवरची झुरळे यांचा बंदोबस्त आपणच केलेला बरा. तेव्हा तक्रारीत नुसते “उंदीर झाले” असे लिहू नका. “मोरीचा नळ फुटला आहे, तेथून घुशी येतात, तो बदलून द्यावा” असे लिहा.

ही पंधरा दिवसांची नोटीस टपालाने पाठवून पोच जपून ठेवावी. तेवढ्या मुदतीत मालकाने दुरुस्ती केली नाही, तर आपण ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षात वळती करावयाची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक होता कामा नये.

अडचण येथेच आहे. समजा, भाडे महिना ४०० रुपये आहे. वर्षाचे झाले ४,८००, आणि चौथा हिस्सा १,२००. एवढ्यात गवंडी उंबरठाही ओलांडावयाचा नाही! पण नोटीस एकत्र देण्याची सोय याच कलमात आहे. दहा बिऱ्हाडांनी ती मिळून दिली, तर १२,००० रुपयांपर्यंतचे काम होते; खर्च ज्याच्या त्याच्या भाड्याच्या प्रमाणात वाटावयाचा. सही मात्र ज्याच्या नावे पावती फाटते त्याची हवी.

रागाच्या भरात भाडे थकवू नका. त्याने दाव्याला कारण मिळते. दर खेपेस पावती मागून घ्या. मालकाने चिडून पाणी तोडले किंवा जिन्यावरचा दिवा बंद केला, तर कलम २९ खाली न्यायालयात दाद मागता येते. मुंबईत असे दावे लघुवाद न्यायालयात चालतात. उंदरांसाठी महापालिकेच्या कीटकनाशक खात्याकडेही अर्ज करावा.

आपल्या लेकी-सुना हल्ली ‘लीव्ह अँड लायसन्स’च्या करारावर राहतात. कलम १४ भाडेकरूंसाठी आहे. त्यावर त्यांनी विसंबू नये. कीड झाल्यास खर्च कोणी करावयाचा, हे करारातच लिहून घ्यावे आणि तो करार नोंदवून घ्यावा.

भगिनींनो, घूस एका मोरीतून दहा घरांत फिरते आणि आपण मात्र दहा दारांआड दहा तक्रारी करतो. ज्यांच्या चाळीत ही व्यथा असेल, त्यांनी शेजारणींना घेऊन यावे. मसुदा लिहावयास मी आनंदाने बसेन.