मोटार-कारखान्याचें त्रैराशिक



मोटार रस्त्यावर धूर सोडते, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु ती रस्त्यावर येण्यापूर्वींच तिच्या खातीं बराच कर्बवायु जमा झालेला असतो. त्याचा अंदाज आगाऊ कसा बांधावा, याचा आज विचार करूं. आमच्या रहिमतपुरास हा विषय परका नाहीं. 1975 सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्स कंपनीच्या साताऱ्याच्या कारखान्यांत ‘प्रिया’ स्कूटर तयार होत असे. पिंपरी-चाकण भागांत तर मोटारींचे प्रचंड कारखाने आहेत.

कोणी म्हणेल, यांत अवघड तें काय? हजार गाड्यांस महिन्याला दहा लक्ष युनिट वीज लागली, तर दोन हजारांस वीस लक्ष. शाळेंतलें साधें त्रैराशिक! परंतु येथें तें फसतें. गाडी एक निघो वा शंभर, दिवे व पंखे चालूच राहतात. रंगखान्यांत तर ऊर्जेचा खर्च बहुधा सर्वांत अधिक. तेथील भट्ट्या तापत्या ठेवाव्याच लागतात. म्हणून खर्चाचे दोन भाग पाडावे : एक स्थिर, दुसरा गाडीगणिक वाढणारा. दरमहाच्या गाड्या व युनिटें आलेख-कागदावर मांडून रेषा काढली, कीं शून्य गाड्यांपाशीं जो आंकडा येतो तो स्थिर भाग.

समजा, हा भाग चार लक्ष युनिट आणि दर गाडीस सहाशें. मग हजार गाड्यांस दहा लक्ष, दोन हजारांस सोळा लक्ष. आपल्या देशांत एका युनिटामागें सरासरीनें सुमारें 0.7 किलो कर्बवायु निघतो. म्हणजे दर गाडीचा भार 700 किलोंवरून 560 वर उतरला. पण एकंदर भार 700 टनांवरून 1,120 वर चढला! कारखाना ‘वीस टक्के घट’ म्हणेल, तें खोटें नाहीं. आभाळाच्या वहींत मात्र साठ टक्के वाढच लिहिली जाईल.

दुसरी अडचण विजेच्या उगमाची. कोळशाची वीज, कोयनेची वीज व वांकुसवड्याच्या पठारावरील पवनचक्क्यांची वीज दिव्यांत सारखीच जळते. कर्बाच्या हिशेबांत मात्र त्यांची जात निराळी. त्यांतून आपल्याकडील पवनचक्क्या पावसाळ्यांत जोमानें फिरतात, म्हणून एकच वार्षिक सरासरी धरून भागत नाहीं. शिवाय कारखान्यांत येणारें पोलाद! त्याच्या एका टनामागें जगांत सरासरीनें सुमारें दोन टन कर्बवायु निघतो. तो फाटकाबाहेरचा म्हणून सोडावयाचा कीं धरावयाचा, हें आधींच ठरवावें.

2070 पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचा संकल्प भारतानें 2021 सालीं ग्लासगो येथें जाहीर केला. आज उभारलेला कारखाना कैक दशकें चालावयाचा. त्याचा अंदाज चुकला, तर चुकीचें ओझें आपल्या नातवंडांवर पडेल. म्हणून अंदाज प्रसिद्ध करावा आणि वर्षअखेर प्रत्यक्ष आंकड्यांशीं ताडून पाहावा. आणि ‘घट झाली’ असें वाचनांत येईल तेव्हां सुज्ञ श्रोत्यांनीं एवढेंच विचारावें : दर गाडीमागें, कीं एकंदर?