धातूंची उतरंड



काही वर्षांपूर्वी आपल्या गणेशोत्सवाच्या पंगतीत मठ्ठा कळकला होता, हे येथील अनेकांना स्मरत असेल. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात तो रात्रभर राहिला होता. दोष ताकाला दिला गेला. वस्तुतः ताक बिचारे निर्दोष होते.

आम्ही पडलो कलाशाखेचे. तरी त्या प्रसंगानंतर रसायनशास्त्राची काही पाने चाळली. शास्त्रज्ञांनी धातूंची एक उतरंड रचली आहे. ज्याचे ऑक्सिडीकरण सहज होते तो वर, ज्याचे होत नाही तो खाली: मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त, लोखंड, कथील, तांबे, चांदी आणि तळाशी सोने. वरचा धातू आपले इलेक्ट्रॉन चटकन देऊन टाकतो. सोने सावकारासारखे हातचे सोडीत नाही.

जस्ताचा मुलामा दिलेली बादली खरवडली गेली, तरी आतले लोखंड पुष्कळ दिवस शाबूत राहते, कारण वरच्या पायरीवरचे जस्त त्याच्याआधी झिजते. कथिलाचा मुलामा असलेल्या डब्याला ओरखडा गेला, तर मात्र लोखंडच आधी गंजते. १८२४ साली हंफ्रे डेव्ही यांनी ब्रिटिश युद्धनौकांच्या तळावरील तांब्याच्या पत्र्यांना हेच तत्त्व लावले व जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तांबे वाचले; पण विरघळणारे तांबेच शिंपल्यांना दूर ठेवीत होते! तळावर शिंपल्यांचे थर चढले आणि जहाजांची गती मंदावली.

आता आपले पातेले. कल्हई म्हणजे कथील. ते तांब्याच्या वरच्या पायरीवर, म्हणजे झिजणारच. पण अन्नात उतरलेला त्याचा अल्प अंश सहसा बाधत नाही. तांबे खालचे खरे, तरीही हवा आणि आंबट पदार्थ एकत्र आले की तेही विरघळते, आणि पितळेतले जस्त तर त्याहून उतावीळ. कोणता धातू आधी झिजेल एवढेच उतरंड सांगते. पोटाला काय मानवेल, हे तिला विचारू नये.

मंडळाच्या कोठीत तशी दोन पातेली अजून आहेत. कल्हईवाला मिळेपर्यंत त्यांत केवळ आंघोळीचे पाणी तापवावे, आणि यंदाचा मठ्ठा स्टेनलेस स्टीलच्या पिंपात ठेवावा, एवढी आमची कार्यकारिणीस विनंती आहे.