एक जागा आणि बाकीचे अर्ज

अमेरिकेंत वैद्यकीय शिक्षण घेऊं इच्छिणारा विद्यार्थी बहुधा अनेक महाविद्यालयांकडे एकदमच अर्ज करतो. १५ ऑक्टोबरपासून प्रवेशमान्यतेचीं पत्रें येऊं लागतात. पहिलें पत्र हातीं पडतांच घरांत आनंद होतो आणि लगेच प्रश्न उभा राहतो : बाकीचे अर्ज ठेवावे कीं मागें घ्यावे ?

येथें घाई इष्ट नव्हे. अनेक ठिकाणीं मान्यता मिळाली, तरी निवड एकावर आणण्यास ३० एप्रिलपर्यंत अवधि असतो. शिक्षण चार वर्षांचें व खर्चाचें. दुसरीकडील शिष्यवृत्तीनें कर्जाचा भार पुष्कळ हलका होऊं शकेल.

परंतु जेथें जाण्याची इच्छाच उरली नाहीं, तेथला अर्ज केवळ प्रतिष्ठेसाठीं ठेवणें याला सावधगिरी म्हणतां येत नाहीं. तेथील मुलाखतीची वेळ दुसऱ्या कोणा उमेदवाराच्या उपयोगीं पडली असती. म्हणून विद्यार्थ्यानें स्वतःस एवढेंच विचारावें : तेथून उद्यां बोलावणें आलें, तर हातची जागा सोडून जाण्याचा विचार तरी मनांत येईल काय ? येईल असें वाटल्यास अर्ज राहूं द्यावा. न वाटल्यास त्याच दिवशीं तो मागें घ्यावा. त्यांत त्याचें कांहींच जात नाहीं. दुसऱ्याचें मात्र वर्ष वांचूं शकतें.