कुबेरांची यादी



आम्हांला बोलावले म्हणजे बोनस, महागाईभत्ता नाहीतर कंत्राटी पद्धत यांवरच काही ऐकावे लागणार, अशी तयारी करून आपण आला असाल. आज विषय पत्त्यांचा आहे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे वाचनालयात आणि साखर कारखान्याच्या फाटकावर झाले. पण तीस वर्षे कामगारांची पगारपत्रके वाचण्यात गेल्यामुळे कमाईचा आकडा दिसला की त्याखालची वजावट शोधण्याची खोड आम्हांला जडली आहे.

युनियनच्या कचेरीत एकदा एका तरुण कामगाराने मोबाइलवर एक यादी आमच्यापुढे धरली. पोकर या पत्त्यांच्या खेळाच्या स्पर्धांत आजवर सर्वाधिक कमावणाऱ्यांची ती यादी. “अण्णा, पत्ते खेळून सात कोटी डॉलर! आणि आपण अडीच हजारांच्या वाढीसाठी दोन वर्षे कोर्टात.” पैशांच्या अशा मोबाइल खेळांना बंदी करणारा कायदा संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये केला, त्याच्या आधीची ही गोष्ट. पतपेढीतून काढलेले चाळीस हजार त्याने त्या खेळात घातले होते, हे आम्हांला मागाहून कळले. आम्ही ती यादी पगारपत्रकासारखी वाचावयास बसलो.

प्रथम खेळाची रीत. प्रत्येकाने सारखे प्रवेशशुल्क भरावयाचे आणि सारख्या चकत्या घ्यावयाच्या. चकत्या संपल्या की माणूस उठला. शेवटी उरेल तो पहिला. लास व्हेगस येथे बेनी बिनियन या जुगारगृहाच्या मालकाने १९७० साली सुरू केलेली जागतिक मालिका ही या स्पर्धांतली सर्वांत मोठी जत्रा. तिच्या मुख्य स्पर्धेचे शुल्क १९७२ पासून १० हजार डॉलर आहे. २०२३ साली तेथे १०,०४३ प्रवेश झाले. प्रत्येक शुल्कातून ७०० डॉलर चालक व नोकरवर्ग यांच्यासाठी आधी बाजूला निघाले आणि उरलेल्यांतून बक्षिसे वाटली गेली. शंभरांतल्या सुमारे पंधरांना काही मिळते, बाकीचे रित्या हाताने घरी. म्हणजे बक्षिसाचा प्रत्येक डॉलर बरोबर बसलेल्यांच्याच खिशातला! तेथे ऊस गाळला जात नाही की कापड विणले जात नाही.

या खेळाला अक्कल लागत नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. संभाव्यतेचे गणित, समोरच्याचा चेहरा आणि दहा-दहा तासांची बैठक सांभाळणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. पण यादीचे काम वेगळे आहे. ती केवळ बक्षिसे मोजते. आत आलेला पैसा लिहिते, बाहेर गेलेला लिहीत नाही.

यादीच्या माथ्यावर ब्रिन केनी या अमेरिकन खेळाडूचे नाव आले ते २०१९ साली. लंडनमध्ये एक स्पर्धा झाली. तिचे शुल्क १० लाख ५० हजार पौंड, पैकी ५० हजार धर्मादायासाठी. खेळाडू ५४. अखेरीस दोघे उरले, तेव्हा त्यांनी आपापल्या चकत्या पाहून उरलेली रक्कम वाटून घेण्याचा करार केला. त्यामुळे केनी हरला, दुसरा आला, तरी त्याला १ कोटी ६८ लाख पौंडांवर मिळाले आणि जिंकणाऱ्या आरन झँगला १ कोटी ३७ लाखांवर! तत्पूर्वी २०१२ साली १० लाख डॉलर शुल्काच्या स्पर्धेत अँटोनियो एस्फांडियारीने १ कोटी ८३ लाख डॉलर मिळवले होते. डॉयल ब्रन्सन १९७६ व १९७७ असा लागोपाठ दोनदा जगज्जेता. त्याची जन्मभराची स्पर्धांतील बक्षिसे या एका बक्षिसाच्या सुमारे तृतीयांश भरतात. मग मोठा खेळाडू कोण? ज्याच्या टेबलावर शुल्क मोठे, तो यादीत वर.

खर्चाची बाजू क्वचितच कोणी उघडी करतो. डॅनियल नेग्रानू या कॅनडाच्या नामांकित खेळाडूने ती केली, याबद्दल आमच्या मनात त्याच्याविषयी आदर आहे. तो कित्येक वर्षे या यादीत पहिला होता. २०१७ साली त्याने सुमारे २८ लाख डॉलरांची बक्षिसे मिळवली. यादीला ती जमा. पण त्याच वर्षी त्याने शुल्कापोटी त्याहून अधिक भरले होते, आणि प्रवास व हॉटेल न धरताच ८० हजार डॉलरांहून अधिक तोटा पदरी आला.

शिवाय शुल्क भरणारा नेहमी खेळाडूच असतो असे नाही. कोणी आपल्या बक्षिसाचे भाग आधीच विकतो. कोणासाठी धनको सारे शुल्क भरतो. खेळाडू हरत गेला तर ती रक्कम त्याच्या नावे चढते. पुढे बक्षीस लागले की आधी ती फिटावयाची आणि उरले तर वाटणी, पुष्कळदा निम्मी-निम्मी. हे वाचले आणि आम्हांला आमच्या भागातील ऊसतोडणीची उचल आठवली. मुकादमाची उचल हंगामात फिटली नाही की पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसते. विमानाने हिंडणाऱ्या पत्तेवाल्याला आणि पालात राहणाऱ्या तोडकऱ्याला एका पारड्यात घालणे तोडकऱ्यावर अन्याय होईल, हे आम्ही जाणतो. पण खातेवहीची रीत तीच.

स्टू उंगर हा न्यूयॉर्कचा. त्याने १९८०, १९८१ आणि १९९७ अशी तीनदा मुख्य स्पर्धा जिंकली. त्याच्यासारखी बुद्धी या खेळात दुसरी झाली नाही, असे जाणकार म्हणतात. १९९७ साली त्याच्यापाशी शुल्काचे १० हजार डॉलरही नव्हते. ते बिली बॅक्स्टर या मित्राने भरले. पहिले बक्षीस १० लाखांचे. ठरल्याप्रमाणे निम्मे बॅक्स्टरचे. उरलेले मादक द्रव्ये आणि इतर जुगार यांत गेले. नोव्हेंबर १९९८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तो लास व्हेगसमधील एका साध्या मोटेलात मृतावस्थेत सापडला. अंत्यविधीसाठी मित्रांनी वर्गणी काढली. यादीत १९९७ सालापुढे मात्र पूर्ण १० लाख आहेत.

ती ओळ आम्ही त्या तरुणाला दाखवली. तो म्हणाला, “अण्णा, पतपेढीचा हप्ता अजून चौदा महिने आहे.” तो आज येथे मागच्या रांगेत बसला आहे, आणि त्याच्या संमतीनेच आम्ही हे सांगत आहो. आता कोणास काही विचारावयाचे असल्यास खुशाल विचारावे.