घरदुरुस्तीच्या कामावर आपण मालक असतो

(सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या सभासदांच्या मेळाव्यात रेल्वे युनियनच्या शाखा सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



पेन्शनचे फॉर्म, ग्रॅच्युइटी, मेडिकल कार्ड या विषयांवर माझ्या आधीच्या वक्त्यांनी सविस्तर माहिती दिली. मी आज गावाकडच्या जुन्या घराविषयी बोलणार आहे.

आपल्यापैकी बहुतेकांची तीस-पस्तीस वर्षे रेल्वे क्वार्टरमध्ये गेली. छप्पर गळाले की वर्क्सच्या ऑफिसात तक्रार लिहायची आणि वाट पाहायची, एवढेच आपले घरदुरुस्तीचे ज्ञान. निवृत्तीनंतर ते क्वार्टर काही महिनेच ठेवता येते. मग वडिलांचे, आजोबांचे घर आठवते. फंडातून पैसे काढता येतात. जुन्या भविष्य निर्वाह निधीच्या नियमांत वडिलोपार्जित घराच्या दुरुस्तीसाठीही रक्कम काढण्याची सोय आहे. ठेकेदार परवडत नाही, म्हणून आपण ठरवतो की एक गवंडी, दोन बिगारी घ्यायचे आणि उरलेले आपण, पोरगा, सूनबाई मिळून करायचे. ठरवले ते योग्यच आहे. पण त्यात दोन जबाबदाऱ्या येतात. एक घराची, दुसरी त्या घरात कामाला येणाऱ्या माणसांची.

आधी घराचे बोलू. मी सोलापूर-लातूर भागातल्या घरांबद्दल बोलतो, कारण तीच मला माहीत आहेत. कोकणातल्या किंवा विदर्भातल्या साथींनी आपल्या कौलारू घराप्रमाणे त्यातून घ्यायचे ते घ्यावे. आपल्याकडे दगड-मातीच्या जाड भिंती, आत लाकडी खांब आणि तुळया, वर माळवद. माळवद गळाले की दरवर्षी वर मातीचा एक थर टाकायचा, ही वाडवडिलांपासूनची पद्धत. पण हिशोब करा. शंभर चौरस फूट माळवदावर एक फूट माती असेल, तर डोक्यावर साडेचार टनांच्या आसपास वजन झाले. पावसात भिजली की आणखी जास्त.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने काय केले ते आपण सर्वांनी पाहिले किंवा ऐकले. सुमारे ८,००० माणसे गेली, आणि त्यांतली बहुतेक आपल्याच घराच्या दगड-मातीखाली गेली. अनेक घरांत भिंती ढासळल्या, पण खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला, हेही तिथे दिसले. त्यातून तीन गोष्टी ध्यानात घ्या. वरचे मातीचे ओझे कमी करा. खांबाला आणि तुळईला हात लावू नका. खोली मोठी करायची म्हणून मधला खांब काढणारे लोक मी पाहिले आहेत. आणि मातीत बांधलेल्या जुन्या दगडी भिंतीवर सिमेंटचा स्लॅब टाकू नका. शंभर चौरस फुटांचा चार इंची स्लॅबसुद्धा सव्वादोन टनांच्या वर जातो. माती काढून तेच वजन परत चढवण्यात काय अर्थ? हलके पत्रे टाका, पण वाऱ्याने उडणार नाहीत असे पक्के आवळून.

जाड दगडी भिंतीचे आतले आणि बाहेरचे असे दोन पदर असतात, मधे भर. दोन्ही पदरांना जोडणारे आरपार दगड नसतील, तर भिंत पोट काढते. किल्लारीनंतरच्या दुरुस्तीत अशा भिंतींना भोक पाडून, त्यात वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरण्याची रीत वापरली गेली. साधारण दोन फूट उंचीवर एक आणि आडवे चार फुटांवर एक, असे हे सांधे घ्यायचे. मात्र भोक पाडताना दगड हळूहळू, पहारेने हलवत काढायचा. घणाचे घाव घातले तर दुरुस्तीच भिंत पाडेल.

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा लावण्याची हौस सर्वांना असते. तो गिलावा अशा भिंतीला नीट धरत नाही. आतली ओल कोंडते, गिलावा फुगतो आणि दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. तिथे चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा बरा. कामाचा क्रम वरून खाली ठेवा: आधी छप्पर, मग भिंती, मग फरशी, शेवटी रंग. माळवद उघडायचे ते होळीनंतर, आणि मृगाच्या आत झाकायचे.

स्वतः काय करायचे? माती उपसणे, विटा भिजवणे, नव्या बांधकामावर सात-आठ दिवस पाणी मारणे, घासणे, रंगवणे, सामान आणणे, हिशोब ठेवणे. ही कामे घरच्यांनी केली की बरीच मजुरी वाचते. जुना रंग खरवडताना भिंत ओली करून घ्या, कारण जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांना फार वाईट. (२०१६ च्या नियमांनी घरगुती रंगांतले शिसे दहा लाख भागांत ९० भागांपुरते मर्यादित केले, पण त्याआधीचा रंग आपल्या दारा-खिडक्यांवर तसाच आहे.) तुळई बदलणे, भिंतीत नवे दार काढणे, वायरिंग ही कामे मात्र जाणकाराचीच. साठाव्या वर्षी आपणही परांचीवर चढून मर्दुमकी दाखवू नये.

आता दुसरी जबाबदारी. साथींनो, ज्या दिवशी गवंडी तुमच्या दारात थापी घेऊन उभा राहतो, त्या दिवशी तुम्ही मालक झालात. आयुष्यभर टेबलाच्या या बाजूला बसलो, आता महिना-दोन महिने त्या बाजूला बसायचे आहे. तिथे आपण कसे वागतो त्यावरून आपले युनियनचे शिक्षण किती खरे ते ठरते.

कायदा तुम्हाला धरणार नाही, हे आधीच सांगतो. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाखांपर्यंतचे काम मालकाच्या जबाबदारीतून वगळले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांत ही मर्यादा पन्नास लाखांवर गेली. म्हणजे तुमच्या दारात इन्स्पेक्टर येणार नाही. म्हणूनच हे मी सभेत बोलतो आहे.

पहिली गोष्ट सुरक्षेची. ट्रॅकवर काम काढताना आपण काय करतो? रूळ उघडण्याआधी दोन्ही बाजूंना माणूस पाठवतो, सहाशे मीटरवर बॅनर फ्लॅग, बाराशे मीटरवर फटाके. संरक्षण लागल्याशिवाय गँगमन पाना हातात घेत नाही. हाच नियम घरात लावा. टेकू लागल्याशिवाय तुळईखालचा दगड हलवायचा नाही. मेन स्विच बंद केल्याशिवाय भिंत खोदायची नाही. माळवदाची माती दोन्ही बाजूंनी सारखी उतरवायची, एका कोपऱ्यात ढीग नको. परांचीची फळी बांधलेली हवी. जुने सिमेंटचे पत्रे फोडायचे नाहीत; त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असते, ओले करून अख्खे उतरवायचे. बिगारी म्हणेल, "काही होत नाही, काका." त्याचे ऐकायचे नाही. तो पडला तर त्याला ना ई.एस.आय. आहे, ना रेल्वे हॉस्पिटल.

दुसरी गोष्ट मजुरीची. काम उक्ते की रोजंदारीवर, हे पहिल्याच दिवशी ठरवा. पैसे आठवड्याच्या बाजाराच्या आदल्या दिवशी हातात द्या. डोक्यावर घमेले वाहणाऱ्या बाईला त्याच कामाचा पुरुषाइतकाच रोज द्या. १९७६ पासून कायदा हेच सांगतो, आणि मजूर अड्ड्यावर अजून उलटेच चालते. गवंड्याबरोबर त्याचा लहान पोरगा आला, तर त्याला विटा उचलायला लावू नका.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी, आणि तीच सर्वांत जास्त विसरली जाते. हजेरी लिहून ठेवा. बांधकाम कामगाराला कल्याण मंडळात नोंदणी करायची तर वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम, ही अट आहे. १९९६ च्या कायद्यात ती होती, नव्या संहितेतही आहे. तो माणूस ९० नाही, दोनशे दिवस राबतो. पण आज या घरी, उद्या त्या घरी, आणि कागद कुठलाच नाही. तुम्ही वहीत नाव, तारखा, कामाचे स्वरूप लिहून सहीनिशी त्याला दिलेत, तर त्याच्या नव्वदातले तुमच्याकडचे दिवस तरी पक्के झाले.

दिवसांची किंमत आपल्याला कुणी शिकवायला नको. १९८५ साली सुप्रीम कोर्टाच्या इंद्रपाल यादव खटल्यातून प्रकल्पांवरच्या हंगामी मजुरांना ३६० दिवसांच्या सलग कामावर टेंपररी दर्जा मिळण्याचा मार्ग खुला झाला. तेव्हा ज्याच्याकडे कॅज्युअल लेबर कार्ड होते, त्याच्या हाती पुरावा होता. ज्याचे दिवस कुणी लिहिलेच नव्हते, त्याच्यासाठी ऑफिसांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. त्या काळी मुकादमाने कार्डावर सही केली की मजूर ते कार्ड देवासारखे जपून ठेवायचा. आज त्या मुकादमाच्या जागी आपण आहोत.

तेव्हा दुरुस्तीचे सामान आणायला जाल, तेव्हा सिमेंट-विटांच्या यादीत एक शंभर पानी वही लिहा. पहिल्या पानावर गवंड्याचे नाव घाला. काम संपल्यावर वहीची नक्कल त्याच्या हातात द्या, आणि नोंदणी कुठे होते तेही सांगा. आपल्या शाखेच्या ऑफिसात त्याला घेऊन आलात, तर फॉर्म भरून द्यायला मी बसलेला आहे.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो. कामगार एकजुटीचा विजय असो!