चार औषधं एकदम का देतात?

आजचा विषय जरा जड आहे, पण बसमध्ये असाल तरी इयरफोन काढू नका. एएलएल, म्हणजे अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. रक्ताचा हा कॅन्सर फार वेगाने वाढतो. एकूण बघितलं तर दुर्मीळ, पण लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा कॅन्सर हाच.

पुण्यात असं निदान झालं की घरात लगेच प्रश्न येतो, 'टाटाला न्यायचं का?' आजची गोष्टही परळच्या त्याच टाटा मेमोरियलची आहे. १९७०च्या दशकात आपल्याकडच्या मोठ्या केंद्रांतही शंभरातले वीस रुग्णसुद्धा यातून नीट बाहेर पडत नव्हते. १९८४पासून मुंबईचं टाटा, चेन्नईची अड्यार संस्था आणि दिल्लीचं एम्स इथे एकच ठरलेली पद्धत वापरात आली. नाव एमसीपी ८४१.

त्यात सुरुवातीलाच व्हिन्क्रिस्टीन, प्रेडनिसोलोन, डॉनोरुबिसिन आणि अ‍ॅस्पॅराजिनेज. एवढी सगळी एकत्र का? कारण एका औषधाला दाद न देणाऱ्या पेशी असतातच. त्या उरतात आणि पुन्हा वाढतात. म्हणून प्रत्येक औषधाने वेगळ्या वाटेने घाव घालायचा. अ‍ॅस्पॅराजिनेज तर भारीच! कॅन्सरच्या पेशींना लागणारं अ‍ॅस्पॅराजिन ते रक्तातूनच संपवतं. गडाची रसद तोडावी ना, तसंच.

चार वर्षं आजार न उलटता जगलेल्यांचं प्रमाण ४५ ते ६० टक्क्यांवर गेलं. पण निकाल केंद्रागणिक वेगळे होते. आणि काही मुलं कॅन्सरने नाही, उपचार चालू असताना झालेल्या संसर्गाने गेली. ही बाजूही सांगायलाच हवी. औषधांचा मारा वाढला की पांढऱ्या पेशी घसरतात, साधा तापही जिवावर बेततो. त्यामुळे अँटिबायोटिक, प्लेटलेट, स्वच्छ खोली हे वरचे खर्च नव्हेत, तो उपचारच आहे.

आता समजा, तुमच्याच घरी कुणाला डॉक्टर म्हणाले, 'नव्या औषधांची चाचणी चालू आहे, भाग घ्याल का?' घाबरून नाही म्हणू नका, घाईत सहीही करू नका. विचारा: हे नेहमीच्या उपचाराऐवजी आहे की त्याच्या जोडीला? त्रास झाला तर रात्री फोन कुणाला करायचा? चाचणीची नोंद सीटीआरआयच्या साइटवर असते, फोनवरच बघता येते. चाचणीमुळे इजा झाली तर उपचाराचा खर्च रुग्णाने करायचा नाही, असं २०१९चे नियम सांगतात. आणि सही केल्यावरही कधीही बाहेर पडता येतं; त्यासाठी कारण द्यावं लागत नाही.